मशीनची पूजा

आमच्या तालुक्यातल्या ग्रामीण रुग्णालयात एक्स-रे मशीन आहे. ती चालवणारा माणूस नाही, एवढंच. पद मात्र मंजूर आहे, आणि मंजूर पद कधी रजेवर जात नाही.

खंडेनवमीला सकाळी आई शेतात धुऱ्यावरून, म्हणजे बांधावरून, घसरली. उजवं मनगट इतकं सुजलं की बांगडी निघेना. लवकर पिकणारा हलका धान आठ दिवसांत कापायला येणार होता, आणि विळा धरायचा तोच हात. हाड मोडलं की नुसतं मुरगळलं, एवढंच तिला जाणून घ्यायचं होतं. मोडलं नसेल तर हळद-तेल लावून ती कापणीला उभी राहणार होती.

आम्ही पोचलो तेव्हा मशीनची पूजा चालू होती. झेंडूचा हार, कुंकू, नारळ. सिस्टर आणि शिपाई काका, म्हणजे त्या दिवशीचं संपूर्ण रुग्णालय, हात जोडून उभे होते. डॉक्टर एकच. त्यांच्याकडे आणखी दोन केंद्रांचा कारभार असल्यामुळे रुग्ण जिथे असतो तिथे ते सहसा नसतात. मीही हात जोडले. न वापरलेल्या यंत्राइतकं पवित्र काय असणार.

"सिस्टर, एक्स-रे काढून देता का?" आईने विचारलं.

"टेक्निशियन कुठं आहे, काकू." सिस्टरने तिच्या डाव्या हातावर खोबरं ठेवलं.

शिपाई काकांनी माझ्याकडे पाहिलं. "तुमची पोरगी इंग्रजी शाळेतली ना?"

मी भिंतीकडे सरकले. चारचौघांत बोलायचं तर मी आधी मनात वाक्य जुळवते, आणि तोवर विषय बदलतो. या वेळी बदलला नाही. काकांनी कपाटातून मशीनचं पुस्तक आणलं. प्लास्टिकसुद्धा निघालं नव्हतं.

"तू वाचत जा, मी बटनं दाबतो. इंग्रजीच तर आहे."

"वाच ना माय," आई म्हणाली. "कायले भेऊन राहिली?"

सिस्टरने मशीनवरचा हार बाजूला केला. मला भीती त्याचीच वाटली.

पहिल्याच पानावर मोठ्या अक्षरांत होतं की प्रशिक्षित माणसाशिवाय कोणी मशीनला हात लावू नये. मी ते मराठीत सांगितलं.

"तसं तर सगळ्याच मशीनवर लिहून राहते," काका म्हणाले. "दुसरं पान पाहा."

"मी नाही वाचत."

माझा आवाज त्या खोलीत बराच मोठा वाटला. पुस्तक मी त्यांच्या हातात परत दिलं. सिस्टरने मग पुठ्ठा लावून आईचा हात बांधला आणि भंडाऱ्याच्या जिल्हा रुग्णालयाची चिठ्ठी लिहिली.

तिथे एक्स-रे निघाला. हाड मोडलं होतं. सहा आठवडे प्लास्टर.

परतीच्या बसमध्ये आईने प्लास्टरचा हात मांडीवर घेतला. मग म्हणाली, "इतकी वर्षं इंग्रजी शाळेत धाडलं तुले, अन् एक मशीन लावता नाही आली."

आठ दिवसांनी विळा माझ्या हातात आला. आई गळ्यात हात अडकवून धुऱ्यावर बसली होती आणि तिथून मला धान कापायला शिकवत होती.