खिशातले दोन पासपोर्ट

युद्ध सुरू झालं तेव्हा मी युक्रेनमध्ये डॉक्टरकीच्या चौथ्या वर्षाला होते. माझ्या वर्गात अकोटचा एक मुलगा होता. आमचं घर अकोल्यात, जठारपेठेत. वडील शाळेत क्लार्क. त्याचे वडील मळा बघायचे आणि आई अकोटच्या बाजारात भाजी विकायची. इथे असतो तर आमची ओळखही झाली नसती. तिकडे मात्र 'मले' आणि 'तुले' म्हणणारे आम्ही दोघंच होतो. पुण्याच्या मुली आमच्या बोलण्याला हसायच्या, मग तो त्यांना मुद्दाम आणखी ठसक्यात वऱ्हाडी ऐकवायचा.

हॉस्टेलच्या तळघरात आम्ही सहा दिवस काढले. सातव्या दिवशी पाणी संपलं, तेव्हा काही जणांनी चालत रेल्वे स्टेशन गाठायचं ठरवलं. निघताना त्याने त्याचा पासपोर्ट माझ्या हातात दिला.

"तुह्यापाशी ठेव. माह्या जॅकेटची चेन तुटली."

माझ्या जॅकेटला आतून बटणाचा खिसा होता. दोन्ही पासपोर्ट मी तिथे ठेवले. बर्फातून चालताना दर थोड्या वेळाने तो विचारायचा, "हायेत ना?" आणि मी छातीवर थाप मारून दाखवायचे.

प्लॅटफॉर्मवर माणसांवर माणसं चढत होती. डब्याच्या दारात उभा असलेला गणवेशातला माणूस फक्त बाया आणि लेकरं आत घेत होता. माझ्या मित्राने मला मागून ढकललं. "चढ तू! मी मागून येतो." मी चढले. त्याला खाली लोटलं गेलं.

गाडी लगेच सुटली नाही, आणि जे झालं ते तेवढ्या वेळात झालं. मी खिडकीशी होते. तो काचेसमोर आला, त्याने आधी स्वतःच्या छातीवर हात आपटला आणि मग माझ्याकडे बोट केलं. पासपोर्ट. खिडकी उघडत नव्हती. दार दहा पावलांवर होतं, पण मधे बायका, पिशव्या, रडणारी पोरं होती. दारापर्यंत गेले असते तर पासपोर्ट खाली देता आला असता. परत आत येता आलं असतं की नाही, कोण जाणे. माझा हात त्या खिशावरच होता. तो काच वाजवत होता. मी मान हलवली, काही कळत नाही अशी. गाडी सुटली.

सीमेवर आपल्या दूतावासातले एक साहेब यादी घेऊन उभे होते. त्यांनी विचारलं, "तुमच्यापैकी मागे कोणी राहिलंय का?" त्यांच्या हातात पासपोर्ट दिला असता तरी चाललं असतं. पण मग ते विचारणार होते, हा तुझ्याकडे कसा? मी म्हटलं, "मला माहीत नाही."

अकोला स्टेशनवर माझं स्वागत झालं. ज्यांना मी ओळखत नव्हते अशा लोकांनी हार घातले, शाल दिली. पेढा भरवताना एका बाईने माझ्या गालाला हात लावला तेव्हा तो झटकून टाकावासा वाटला. कोणीतरी माइक पुढे केला. "सगळ्यात कठीण क्षण कोणता होता?"

"भूक," मी म्हटलं. दुसऱ्या दिवशी तेच छापून आलं.

त्याच दुपारी त्याची आई आमच्याकडे आली. एकटीच. वडिलांनी खुर्ची पुढे केली, ती बसली नाही.

"त्याचा फोन आलता," ती म्हणाली. "दुसऱ्याच्या फोनवरून. म्हणते, पासपोर्ट तिच्यापाशी हाये. खरं हाय काय?"

"गडबडीत राहून गेला हो ताई," वडील म्हणाले. "पोरगी घाबरली होती."

"मी तुमाले नाही, तिले इचारून राहिली."

वडील माझ्याकडे बघत होते. मी म्हटलं, "लक्षातच नाही राहिलं, मावशी."

आतून पासपोर्ट आणून मी तिच्या हातात दिला. तिने तो उघडला, फोटो बघितला.

"आता मी हे तिकडे कसं पोचवू? पोस्टानं?"

पासपोर्ट पिशवीत टाकून ती निघाली. ती गेल्यावर माझ्या आईने उंबऱ्यापाशी पडलेलं तिचं भाजी तोलायचं वजन उचललं. हातातल्या पिशवीतून पडलं असावं. ते परत द्यायला मागे धावावं असं आमच्यापैकी कोणालाही वाटलं नाही. वडील म्हणाले, "बाई तोंडाची लई तिखट हाये." जणू चूक तिच्या तोंडाची होती.

तो त्यानंतर बारा दिवसांनी आला. कागद नसल्यामुळे त्याला सीमेवरून दोनदा मागे पाठवलं होतं. मधे तो एका गावातल्या शाळेत इतरांबरोबर राहिला, मग पुन्हा चालला. शेवटी आपल्या लोकांनी त्याला तात्पुरता कागद करून दिला. तोवर त्याच्या डाव्या पायाची दोन बोटं थंडीने काळी पडली होती. अमरावतीच्या एका दवाखान्यात ती कापावी लागली.

मी त्याला भेटायला निघाले तेव्हा वडील दारात उभे राहिले.

"झालं ते झालं. तू गेलीस तं कबूल केल्यासारखं होईल."

"कबूलच करायचं हाये, बाबा."

"कोणासाठी? त्याची बोटं येणार हायेत का परत?"

मी त्यांच्या शेजारून बाहेर पडले आणि एसटी पकडली. रस्ताभर मी वाक्यं जुळवत होते. भीती, गर्दी, बधिर झालेलं डोकं. सगळी खरी होती, आणि सगळी निरुपयोगी.

तो खाटेवर बसून डाळिंब सोलत होता. आई शेजारी होती. मला पाहून तिने पदर सारखा केला आणि भिंतीकडे तोंड केलं.

"मले मालूम होतं," मी म्हटलं. "पासपोर्ट माह्या खिशात हाये, हे मले मालूम होतं. विसरली नव्हती."

"मलेबी मालूम होतं," तो म्हणाला. "तुहा हात खिशावर होता. मी पाहून राहिलो होतो."

मी रडायला लागले. त्याचा आवाज चढला.

"रडू नोको इथं. तुह्या जागी मी असतो तं उतरलो असतो, असं मी म्हणत नाही. मीबी बसूनच राहिलो असतो, कोण सांगते. पण सीमेवर देऊन टाकला असता. घरी येऊन हार नसता घालून घेतला. माह्या मायशी खोटं नसतो बोललो."

"मी काय करू सांग."

"तुले बरं वाटावं म्हणून मी कायले काम सांगू?"

त्याची आई वळली. "झालं तुहं बोलून? मंग जाय."

मी जिन्यात बसून राहिले. कोणी बोलवायला आलं नाही.

ज्यांनी माझा सत्कार केला होता त्यांच्याकडे मी पुढच्या आठवड्यात गेले आणि घडलं ते सांगितलं. त्यांच्यातले एक काका अस्वस्थ झाले. "जाऊ दे न आता बाई. कशाले चिखल उकरतं?" शाल त्यांनी परत घेतली नाही. वडील त्या दिवसापासून महिनाभर माझ्याशी बोलले नाहीत; शाळेत लोक विचारतात, असं आईला म्हणाले.

तो पुढे दुसऱ्या देशात जाऊन शिकला आणि पास झाला. हे मला वर्गातल्या इतरांकडून कळलं. त्याच्या फोनमध्ये माझा नंबर अजून ब्लॉक आहे. मी उरलेलं शिक्षण ऑनलाइन पूर्ण केलं, परदेशात शिकलेल्यांना इथे द्यावी लागते त्या परीक्षेत दोनदा नापास झाले, तिसऱ्यांदा पास झाले, आणि आता अकोल्यात इंटर्नशिप करते.

मागच्या हिवाळ्यात एका शिबिरासाठी अकोटला जावं लागलं. दुपारच्या सुट्टीत मी बाजारात गेले. खोटं कशाला बोलू, मुद्दाम गेले. ती वांगी आणि सांभाराच्या, म्हणजे कोथिंबिरीच्या, जुड्या घेऊन बसली होती. मला तिने लगेच ओळखलं.

"मावशी, अर्धा किलो वांगी द्या."

"तुह्यासाठी नाही."

शेजारची बाई हसली, तिला वाटलं थट्टा चालली आहे. मी तिथेच उभी राहिले. तिने माझ्या मागच्या गिऱ्हाइकाला पुढे बोलावलं, त्याची वांगी तोलली, वर दोन जास्त टाकली, आणि माझ्याकडे पुन्हा पाहिलं नाही.

ती बरोबर होती. मला ते तिथे उभ्या उभ्याही कळत होतं. तरीही मला तिचा इतका राग आला की परतीच्या एसटीत मी मनातल्या मनात तिच्याशी भांडत होते. मी कबूल केलं होतं, माफी मागायला गेले होते, आणखी काय हवं होतं तिला? तो राग अजून गेलेला नाही. तिचाही गेला नसणार.