बोंबलांची जोडी

सुक्या बोंबलाचा वास आला की मुरुडची ती शाळा आठवते. खिडकीबाहेरच आमच्या वलांड्या होत्या. खांबांना आडव्या दोऱ्या बांधायच्या आणि दोन-दोन बोंबील जबड्यात जबडा अडकवून उन्हात टांगायचे. इंग्रजीच्या मास्तरांनी एकदा फळ्यावर ‘रॉटन’ लिहिलं, त्याचा अर्थ कुजलेलं असा सांगितला आणि खिडकीकडे बोट केलं. “उदाहरण समोरच आहे,” म्हणाले. सगळा वर्ग माझ्याकडे बघून हसला. मधल्या सुट्टीत मी रडत आईला सांगितलं. ती हातातलं काम टाकून, सुक्या बोंबलांची एक जोडी घेऊन थेट वर्गात आली. “मास्तर, कुजलेल्या म्हावऱ्याचा जबडा धरत न्हाय, गळून पडतो. ह्ये दोगं चार दिस वाऱ्यात लटकलंत. वढून बघा.” मास्तरांनी ओढलं. जोडी सुटली नाही. आईने पदरानेच फळा पुसला आणि ती निघून गेली. मोठेपणी मी त्या शब्दाचं मूळ शोधलं. जवसाच्या काड्या पाण्यात कुजवून धागा सोडवतात, त्या कामाच्या जुन्या शब्दाशी त्याचं नातं असावं असं कोशात निघालं. आमची जाळीही अशाच कुजवलेल्या तागाची असायची. म्हणजे शब्द तसा कष्टाळू घरातलाच होता, मास्तरांनी त्याला नाक मुरडायला लावलं. तरीही कोशाच्या त्या पानावर मी पेन्सिलीने लिहून ठेवलंय: यात बोंबील येत नाहीत.