बाईचा चहा लवकर संपत नव्हता

बाई गेल्याची खबर आली तवा मी जीपखाली झोपून नट पिरगाळून राह्यलो होतो. दचकून उठलो अन् डोकं लोखंडावर आपटलं. रडलो त लोकायले वाटलं टेंगळासाठी रडते. माहा चेहराच तसा, मयतीतही लोकं माह्याकडं पाहून हासते.

मी धाडच्या रोडवर काळीपिवळी जीप चालवतो. चौथीत इतके साल बसलो का मास्तर बदलून गेले, मी तिथंच. हे बी माह्या पोरीकडून लिहून घेऊन राह्यलो. बाई आमच्या गावच्या हायस्कुलात गनित शिकवत. एका साली एक पोट्टा निकाल घेऊन निंगाला तो घरी पोचलाच नाही... जिता सापडला नाही. तवापासून नापास पोट्ट्यायले बाई एकटं जाऊ देत नव्हत्या. सारे माह्या जीपमंधी. "बसा रे, डायवर बी तुमच्यातलाच हाय," म्हनत. पोट्टे हासत. मी बी.

घर आलं का बाई पयले आत जात अन् चहा मांगत. पाव्हन्यासमोर बाप लेकराले मारत नाही, तेवढी लाज आपल्याकडं अजून हाय. बापाचा राग उतरेपर्यंत बाईचा कप संपत नव्हता. बाईले शुगर होती. म्हनलं, "बाई, बिनसाखरेचा मांगा न."

"मंग बीमारीवर बोलनं निंगते, भाऊ. आपल्याले पोरावर बोलाचं हाय."

घरोघरी गोड चहा पेत गेल्या... अन् शुगरनंच गेल्या.

शोकसभेत हेडमास्तर म्हनले, बाईचं काम पुढं नेऊ. एका खोलीवर 'समुपदेशन कक्ष' अशी पाटी ठोकली. आत मोडके बाक, बाहेर कुलूप. अन् निकालाच्या दिवशी, बाईच्या हार घातलेल्या फोटोसमोर, नापासायचे नावं माईकवर वाचले. बाई असत्या त माईकले हात लावाची हिंमत नव्हती.

मी इचारलं, "सर, पोट्ट्यायले घरी कोन नेते?"

"ते बाईंचं खूळ होतं. आता कक्ष आहे ना."

"कुलूप हाय त्याले."

"चावी क्लार्ककडे आहे. तो रजेवर आहे."

जिंदगीभर बडबड केली, नेमकं तवाच तोंड बंद पडलं. आता बोलतो. सर, ते पाटी काढा. खोटं बोलते ते. उद्या एखादं लेकरू मरून जाईन अन् तुमचं कुलूप शाबूत राहीन.

पोट्टे मीच जीपमंधी भरले. पयलं घर एका पोरीचं. बाप वसरीत उभा, हातात पट्टा. म्हनलं, "दादा, चहा पाजा." तो पाहातच राह्यला. बाईची गोष्ट वेगळी, डायवरले कोन चहा ठेवते? पोरीच्या मायनं ठेवला. मी बशीत ओतून एका घोटात पेनारा मानूस, कप धरून बसलो. साय आली, साईवर माशी बसली.

"थंडा झाला, भाऊ. प्या न."

"पेतो... तुम्ही बसा पयले."

पट्टा हातातच होता त्याच्या. पन बसला.