भाकरीचं ताट थांबलं

त्या रविवारची गोष्ट सांगू लागलो की आजही माझी छाती धडधडते. लढाईचे दिवस होते. सोनईजवळच्या एका खेड्यात मी मिशनच्या शाळेत मास्तर होतो, आणि आमच्या लहानशा ख्रिस्ती मंडळीचा पंचही. शिस्तीचा मला कोण अभिमान! राहेलबाईंना गावदेवीच्या जत्रेत नारळ फोडताना पाहिलं, असं मीच पंचांपुढे सांगितलं. त्यावरून त्यांना प्रभुभोजन, म्हणजे मंडळीनं मिळून घ्यायची प्रभूच्या नावाची भाकर, बंद झालं. त्या ‘नाही, नाही’ म्हणत राहिल्या. पण मास्तरांच्या शब्दापुढे मजुरी करणाऱ्या विधवेचं कोण ऐकणार?

खरं तर मी पाहिलं होतं ते एक हिरवं लुगडं, तेही पाठमोरं. आदल्याच आठवड्यात राहेलबाई माझ्या बेसूर गाण्याला भर सभेत हसल्या होत्या, म्हणून मी त्या लुगड्याला त्यांचं तोंड चिकटवलं. सदसद्विवेकबुद्धी टोचायची. मी तिला समजावायचो, अगं, मंडळी शुद्ध राहायला नको का? पण ती काही गप्प बसेना.

प्रभुभोजन द्यायला मिशनचे पाळकसाहेब तीन महिन्यांतून एकदा येत. त्या सकाळी त्यांनी भाकर मोडली आणि ताट फिरवायला माझ्या हाती दिलं. मी ओळीनं देत गेलो. राहेलबाईंना वगळून पुढं जायचं होतं. त्यांनी सवयीनं ओंजळ पुढं केली, मग एकदम आठवून हात पदराखाली ओढून घेतले. देवा रे! माझे पायच हलेनात. काही ठरवलं नव्हतं, शब्द जुळवले नव्हते, तरी माझाच आवाज माझ्या कानांवर आला, "मी तोंड पाहिलं नव्हतं! मी खोटं बोललो!"

नोकरी जाईल, लोक तोंडावर थुंकतील, ही भीती कुठं पळाली कळलंच नाही. रडू येत होतं आणि हसूही. पाळकसाहेबांनी ताट माझ्याकडून घेतलं, राहेलबाईंपुढं धरलं आणि मला म्हणाले, "मास्तर, आज तुम्ही भाकर घेऊ नका, थांबा." थांबलो, आनंदानं थांबलो!

उपासना संपल्यावर मी राहेलबाईंपुढं हात जोडले. त्या म्हणाल्या, "लई रडवलंत मास्तर. समदं इसरले आसं न्हाई म्हनत मी. पन तुमास्नी वगळून मला तरी भाकर कशी ग्वाड लागंल?"

माझं मोठेपण मी आपणहून प्रभूच्या स्वाधीन कधीच केलं नसतं. त्यानंच ते काढून घेतलं. त्याचे उपकार कसे फेडू? तीन महिन्यांनी ताट पुन्हा फिरलं. राहेलबाईंना भाकर आधी मिळाली. माझ्या ओंजळीत तुकडा पडेपर्यंत त्यांनी आपला तोंडात घातला नाही.