माल तपासला

आमच्या वरच्या मजल्यावर सोनकांबळे राहतात. त्यांच्या घरी गिरजावहिनींना मीठ हवं असेल तर त्या 'मीठ' म्हणत नाहीत, 'ब-तीन' म्हणतात. ब म्हणजे स्वयंपाकघरातली मधली फळी आणि तीन म्हणजे डावीकडून तिसरा डबा. साखर ब-चार. चहा पावडर जास्त खपते, म्हणून ती अ-एक, म्हणजे वहिनींचा हात पोचणार नाही अशा सगळ्यात वरच्या फळीवर. ही व्यवस्था किसनरावांची. भोसरीतल्या एका कंपनीत एकतीस वर्षं स्टोअरकीपर होते. रिटायर होऊन दीड वर्ष झालं, पण सवयीला रिटायरमेंट नसते.

मी उद्धवराव, तळमजल्यावर राहतो. जन्मभर सिटी बसचा कंडक्टर. सुटे पैसे परत करायचे म्हटलं की माझ्या जिवावर यायचं, हे अर्धी पिंपरी सांगेल. तेव्हा दुकानदार पैसे परत देत नाहीत म्हणून मी तक्रार करणं म्हणजे चोराच्या उलट्या बोंबा. पण डोळ्यांनी पाहिलं ते सांगितलं पाहिजे.

कंपनीने निरोपाला किसनरावांना भिंतीवरचं घड्याळ दिलं. त्यांनी ते घेतलं आणि जास्तीचा एक रबरी शिक्का मागून घेतला. 'माल तपासला. कि. भा. सोनकांबळे, स्टोअर्स.' या शिक्क्याचा दरारा चाकणपर्यंत होता. तीन वॉशर कमी भरले म्हणून त्यांनी अख्खा ट्रक दारातून परत पाठवला होता. ड्रायव्हर लोक शिव्या द्यायचे, पण पुढच्या कंपनीत माल उतरवताना तेच म्हणायचे, "सोनकांबळेचा शिक्का हाय, मोजू नका." आता शिक्का घरीच असतो. दुधाच्या बिलावर बसतो, मेंटेनन्सच्या पावतीवर बसतो. माझ्या पुतणीच्या लग्नाची पत्रिका दिली, तर त्यांनी आधी तारीख-वार कॅलेंडरशी ताडून पाहिले आणि मगच शिक्का मारला. न तपासता कशावरही नाही. मी हसायचो, पण त्या माणसाकडे आता तेवढंच उरलं होतं, हेही मला कळत होतं.

मध्यंतरी वहिनी बाथरूममध्ये घसरल्या आणि उजवं मनगट मोडलं. प्लॅस्टर निघालं, पण कपडा पिळायला घेतला की डोळ्यांत पाणी यायचं. मग धुणं किसनरावांकडे आलं. ते वाळत घातलेले कपडे लांबीच्या क्रमाने लावायचे आणि समोरच्या बिल्डिंगमधल्या बायका गॅलरीत येऊन बघायच्या. शेवटी ठरलं, वॉशिंग मशीन घ्यायचं. काळेवाडीच्या रस्त्याला तीन मजल्यांचं काचेचं दुकान आहे, तिथून घेतलं. दुकानाचं नाव सांगत नाही. नाव घेतल्याचीही फी लावतील.

मशीन आलं तेव्हा मी जिन्यातच होतो. टेम्पोवाल्या खंडूने खोकं दारात ठेवलं आणि चलन पुढे करून म्हणाला, "स्टोअरकीपर साहेब, इथं सही."

खालच्या वॉचमनने त्याला पढवलं असणार. पण दीड वर्षात त्या नावाने कोणी हाक मारली नव्हती. किसनराव ताठ झाले. "थांबा," म्हणाले, आत गेले, शिक्का आणि पॅड घेऊन आले, आणि चलनावर ठप्पकन शिक्का मारला. माल तपासला. खोकं अजून दोरीने बांधलेलं होतं.

मशीन लावलं. दिवे लागले, पाणी आलं, आतून कण्हल्यासारखा आवाज आला, पण ड्रम काही फिरेना. दुसऱ्या दिवशी सर्व्हिसवाला आला. त्याने बटण दाबलं, कान लावला आणि कागदावर लिहिलं, 'मशीन चालू आहे.' तेही खरंच. चालू होतं, फक्त फिरत नव्हतं.

तिसऱ्या दिवशी आम्ही छोटा टेम्पो करून मशीन दुकानात नेलं. काउंटरवर दिग्विजय नावाचा मॅनेजर होता. टाय, हसरा चेहरा, दर वाक्याला काका.

"काका, बदलून दिलं असतं. पण तुम्हीच लिहून दिलंय की." त्याने चलन पुढे सरकवलं. "माल तपासला. शिक्क्यासकट. इतकं पक्कं तर आमचे डीलर पण देत नाहीत."

किसनराव त्या शिक्क्याकडे बघत राहिले. माझ्या लक्षात आलं की हा माणूस आता भांडणार नाही. शिक्का खोटा आहे असं त्याच्या तोंडून निघणं शक्य नव्हतं.

"मग आता हे 'विचार बदलला' मध्ये जाणार," दिग्विजय म्हणाला. "पैसे परत मिळतील. फक्त पंधरा टक्के रिस्टॉकिंग फी."

"रिस्टॉकिंग म्हंजे?" किसनरावांनी मान वर केली.

"म्हणजे परत आलेला माल उतरवायचा, तपासायचा, परत रॅकला लावायचा. त्याची फी."

किसनरावांचा चेहरा उजळला. एकतीस वर्षं त्यांनी दुसरं काय केलं होतं? "मग मीच लावतो," ते म्हणाले. "तुमी नुस्ता रॅक नंबर सांगा."

दिग्विजय हसला. मी हसलो. किसनराव हसले नाहीत. बाही दुमडून ते वाट बघत उभे राहिले, मागे रांग लागली, आणि रांगेतले एक गृहस्थ म्हणाले, "अहो, सांगा की त्यांना नंबर." शेवटी दिग्विजयने वैतागून तळघराचं दार दाखवलं. "लावा काका, कुठंही लावा."

"कुठंही?" किसनराव म्हणाले. कोणी आईवरून बोलल्यासारखा त्यांचा आवाज झाला.

तळघर म्हणजे भंगारचा बाजार होता. फ्रिजवर मिक्सर, मिक्सरवर इस्त्र्या, एसीचं खोकं उलटं, आणि टीव्ही आडवे पडलेले. रॅक म्हणाल तर एकही नाही. कोपऱ्यात खंडू एका कूलरवर बसून डबा खात होता. आमचं मशीन पाहून तो ओळखीचं हसला.

"आलं व्हय? ह्ये आपलं नेहमीचं हाय."

"नेहमीचं म्हणजे?" मी विचारलं.

"ह्ये रहाटणीला जातं, परत येतं. सौदागरला जातं, परत येतं. आता मला एकट्याला उचलतं, सवय झालीय."

किसनरावांनी मशीन भिंतीपासून फिरवलं. मागच्या बाजूला एक गोल स्टिकर होता, 'रिस्टॉक केले', खाली तारीख. त्यांनी नखाने तो उचकटला. खाली आणखी एक. त्याच्या खाली आणखी एक. कांद्याची साल काढावी तसे त्यांनी तीन स्टिकर काढले आणि माझ्या तळहातावर ओळीने लावले. तीन घरं, तीन फिया. आमची चौथी.

"अन् रॅकला कवा लावलं ह्ये?" त्यांनी खंडूला विचारलं.

"रॅक कुठाय?" खंडू म्हणाला. "साहेब वरून स्टिकर देत्यात, मी टेम्पोतच चिकटवतो."

इतक्या वर्षांच्या शेजारात मी किसनरावांना चिडलेलं पाहिलं नव्हतं. त्या दिवशी त्यांच्या कानशिलावरची शीर उडत होती. पैशाचं त्यांना काही नव्हतं. काम न करता काम केल्याचा कागद, हे त्यांना सहन होत नव्हतं. तीन तारखांचे स्टिकर घेऊन ते वर आले आणि काउंटरवर ठेवले.

"रॅकच न्हाई," ते म्हणाले. "न उघडता, न बघता 'रिस्टॉक केले' म्हनून चिकटवता. लाज वाटत न्हाई का?"

दिग्विजयने मागची रांग पाहिली आणि आवाज खाली आणला. "काका, ऐका. मी फी काढू शकत नाही, सिस्टिम काढू देत नाही. हे बघा." त्याने स्क्रीन आमच्याकडे वळवली. परत करण्याचं कारण निवडायचं होतं. रंग आवडला नाही. घरात जागा नाही. विचार बदलला. या तिन्हींना फी होती. 'माल खराब' ही ओळ शिक्क्यामुळे फिकट होऊन बंद पडलेली. शेवटची ओळ होती, ग्राहक मयत. तिच्यापुढे फी शून्य.

"हे टाकू?" दिग्विजयने विचारलं. "शिक्का जाग्यावर राहील, फी पण लागणार नाही. कोणाला कळणार नाही, काका."

"टाका की," मी म्हणालो. फुकटात सुटत असेल तर मरायला माझी कधीच हरकत नसते.

किसनराव घाबरेघुबरे झाले. "मी जिता असताना मेल्याची नोंद? उद्या ऑडिट आलं तर मी काय सांगू?"

"मेलेल्याला ऑडिट नसतं, राव," मी म्हणालो.

त्यांनी काउंटरवरच्या स्टिकरांकडे पाहिलं. मग चलनाकडे पाहिलं. न उघडता, न बघता. त्यांच्याच तोंडचे शब्द होते. त्यांना काय दिसलं ते मलाही दिसलं.

"खोकं बांधलेलं होतं," ते हळूच म्हणाले. "साहेब म्हनला त्यो मला. मी भुललो."

त्यांनी खिशातून पेन काढलं आणि आपल्या शिक्क्याखाली, सगळ्या रांगेदेखत, ठळक अक्षरात लिहिलं: 'न तपासता मारला. चूक माझी.' खाली सही केली, तारीख घातली. एकतीस वर्षांचं नाव त्यांनी दोन ओळींत खाली ठेवलं आणि मला त्यांच्याकडे बघवेना.

"काका, ह्याने काही होत नाही," दिग्विजय म्हणाला. "शिक्का चुकला, असा ऑप्शनच नाहीये."

"नसू द्या. विचार बदलला टाका. फी कापा."

फी कापली, बाकीचे पैसे खात्यावर गेले, पावती आली. मला वाटलं संपलं, मी दाराकडे निघालो. किसनराव पावती वाचत होते.

"रिस्टॉकिंग फी. मिळाली ना तुमाला?" त्यांनी विचारलं. "आता करा."

"काय करू?"

"रिस्टॉकिंग. उतरवायचं, तपासायचं, रॅकला लावायचं. तुमीच सांगितलं. पैसे दिलेत मी. झाल्याबिगर मी हलत न्हाई." आणि ते काउंटरसमोरच्या डिस्प्लेच्या मसाज खुर्चीवर बसले. खुर्ची सुरू होती. हा माणूस रागाने लाल झालेला आणि वरपासून खालपर्यंत गदगदा हलत होता, पण म्हणत होता, हलत नाही.

पाऊण तास गेला. रांगेतले लोक आपापल्या पावत्या काढून त्यावर रिस्टॉकिंग कुठे लिहिलंय ते शोधू लागले. तेव्हा दिग्विजय स्वतः टाय खिशात घालून तळघरात उतरला. खंडूने झाकणाचे स्क्रू काढले. किसनरावांनी आत हात घालून ड्रम फिरवून पाहिला आणि दोन मिनिटांत सांगितलं, फिरवणारा दांडाच वाकला आहे.

"हा पडल्याबिगर वाकत न्हाई," ते म्हणाले.

खंडूने छताकडे पाहिलं. "पहिल्या खेपेला जरा घसरलं होतं," तो म्हणाला. "भोसरीच्या पुलावर."

चार घरांत गेलेलं मशीन, पण झाकण पहिल्यांदा त्या दिवशी उघडलं. किसनरावांनी एक कोपरा मोकळा करून घेतला, जमिनीवर खडूने चौकोन आखला आणि मशीन त्यात ठेवलं. वरून 'महाबचत' लिहिलेला एक लाल बोर्ड आणवला आणि त्याच्या मागच्या कोऱ्या बाजूला लिहिलं: 'नापास. दांडा वाकलेला. विकू नये.' मग पिशवीतून शिक्का काढला. त्या दिवशीही तो त्यांच्याबरोबर होता, हे मला माहीत नव्हतं. एकदा मशीनकडे पाहिलं, एकदा आत वाकलेल्या दांड्यावरून बोट फिरवलं आणि मगच शिक्का मारला. माल तपासला.

"आता पाचव्या घरी न्हाई जायचं," ते म्हणाले. दिग्विजयने मान डोलावली. त्याला बिचाऱ्याला घरी जायचं होतं.

घरी आलो तर वहिनी दारातच फोन घेऊन उभ्या. बिलावर दुसरा नंबर त्यांचा दिलेला होता. "उद्धवभाऊ, वाचा हो ह्ये. काय म्हनत्यात?"

मी वाचलं. 'श्री. किसन सोनकांबळे यांच्या निधनाबद्दल आम्ही आपल्या दुःखात सहभागी आहोत. आपली रिस्टॉकिंग फी माफ करण्यात आली आहे. आपला अनुभव कसा होता? एक ते पाच तारे द्या.'

दिग्विजयने आमची पाठ वळल्यावर बटण दाबलं होतं. दया आली म्हणून, की हा माणूस परत येऊ नये म्हणून, देव जाणे.

किसनराव तसेच उलटे फिरले. "चुकीची नोंद हाय. आत्ता जाऊन दुरुस्त करून येतो."

"उद्या जावा," वहिनी म्हणाल्या. "कपडे भिजवलेत."

ते थांबले. मग पिशवी खुंटीला लावली, पँट दुमडली आणि बाथरूममध्ये जाऊन बादलीसमोर बसले. पाण्याचा आवाज सुरू झाला. वहिनी डाव्या हाताने फोन धरून उभ्या होत्या, बोट स्क्रीनवर फिरवत होत्या.

"चार दिलं," त्या म्हणाल्या.

आतला आवाज थांबला. "एक का कापला?"

"चहाची पावडर अ-एकला हाय म्हनून."

किसनराव साबणाच्या हातांनी बाहेर आले, स्टूल ओढलं, वरच्या फळीवरून डबा काढला आणि वहिनींच्या हाताशी, ब-पाचला ठेवला. वहिनींनी डबा उघडून पाहिला, झाकण लावलं आणि उरलेला तारा दिला.