वरचा षड्ज

नेकनुरात आमच्या घरी दोन सतारी होत्या, एक माझी, एक धाकट्या भावाची. दोन्ही एकाच कारागिराच्या हातच्या. खाँसाहेब आम्हाला शेजारी बसवून शिकवत. माझी मोकळी तार सुरात असे, पण वरच्या षड्जावर बोट ठेवलं की सूर चढा निघे. भावाचा मात्र चोख. त्याचं ऐकताना खाँसाहेब डोळे मिटत. माझं ऐकताना पानाचा डबा उघडत.

तार जुनी झाली म्हणून मी बदलली. तारा जिच्यावर टेकतात ती घोडी झिजली असेल म्हणून घासून घेतली. पडदे केसाकेसानं हलवले. तरी तेच. मग मनानं घेतलं की वडिलांनी चांगली सतार त्याला दिली.

माजलगावच्या एका देशमुखांकडून बारशाला वाजवायचं बोलावणं आलं, तेही त्याला एकट्यालाच. मी सोबत गेलो. दुपारी तो जेवायला बसला तेव्हा त्याच्या सतारीचे वरच्या षड्जाजवळचे दोन पडदे मी खुंट्यांकडे किंचित सरकवले.

वाजवताना तो वरच्या षड्जावर गेला आणि सूर उतरलेला निघाला. मला बरं वाटलं. क्षणभरच. दुसऱ्यांदा त्यानं तार बोटानं जराशी ओढली आणि बरोबर सुरावर नेऊन ठेवली. पुढे दर वेळी तसंच. लोकांना ती नजाकत वाटली. ते माना डोलवत होते. माझा नुसता जळफळाट झाला.

परतताना बैलगाडीत त्यानं पडदे जागेवर आणले. मला राहवलं नाही. म्हणालो, "म्याच सरकवले."

"ठावं हाय," तो म्हणाला.

घरी आल्यावर त्यानं माझी सतार मागितली. वरचा षड्ज वाजवला. स्वच्छ निघाला, त्याच्या सतारीवर निघे तसाच.

"सतारीत खोट न्हाई, दादा. तुमी तार लई जोरात दाबता. दाबली की ताणती अन् सूर चढतो."

"मग आदी कावून न्हाई सांगितलंस?"

"तुमी थोरले. कसं सांगावं?"

त्या पावसाळ्यात मी हात हलका करायला शिकलो. षड्ज सुरात आला. एक दिवस खाँसाहेबांनी शाबासकी दिली, तेव्हा भाऊ माझ्यापेक्षा जास्त आनंदानं हसला. त्याचं ते हसणंही मला त्या दिवशी सहन झालं नाही.