विकत न घेतलेलं कासव

आमच्या वाशीच्या घरात सगळं होतं, फक्त विहीर नव्हती. हे मी तेव्हा कुणाजवळ बोलले असते तर सोसायटीतल्या बायकांनी मला वेड्यातच काढलं असतं. मुंबईच्या चाळीतल्या एका खोलीतून इथं आलो तेव्हा दोन खोल्या, स्वतंत्र संडास, गॅलरी असं घबाडच हाती लागलं होतं. खाडीवरचा वारा तर असा की दोरीवरचे कपडे बघता बघता वाळून कडक. वर आणखी विहीर कशाला? पण माझं माहेर रोह्याजवळच्या खेड्यातलं. तिथं परसात विहीर होती आणि विहिरीत कासव होतं.

आमच्याकडं विहिरीत कासव मुद्दाम सोडत. ते शेवाळ आणि किडे खातं, पाणी चांगलं राहतं, असं सगळे म्हणायचे. आमचं कासव माझ्या जन्माच्याही आधी वडिलांनी ओढ्यातून आणून सोडलेलं. कळशी पाण्यावर आपटली की ते तळातून वर यायचं आणि मान काढून बघायचं. मी भाताचा गोळा टाकायला काठावर वाकले की माझ्या बांगड्या वाजायच्या. पुढं पुढं नुसत्या बांगड्या वाजल्या तरी ते यायला लागलं. लग्न होऊन निघाले तेव्हा मी विहिरीपाशी जाऊन रडले. बायका म्हणाल्या, पोर शहाणी आहे, पाण्याचा निरोप घेतेय. पाण्याचा कसला! मी कासवाला सांगत होते की लवकर परत येते.

लवकर कसली जाते! वर्षातून एकदा, फार तर दोनदा. आणि ऐंशीच्या सुमाराला एकदा माझा भाऊ वाशीला आलेला असताना जेवता जेवता म्हणाला, "यंदा विहिरीचा गाळ काढला गं. तेव्हापासून कासव काही दिसत नाही. गाळाबरोबर बाहेर पडलं की काय, देव जाणे." आणि लगेच त्यानं आमटी मागितली. मी आमटी आणायला म्हणून उठले आणि ओट्याशी उभी राहून डोळे पुसले. त्या दिवशी मला पहिल्यांदा वाटलं की माझं माहेर थोडं कमी झालं.

त्यानंतर दोन-तीन महिन्यांत आमच्या सेक्टरच्या मार्केटमध्ये माशांच्या टाक्यांचं दुकान निघालं. नव्या घरात टीव्हीच्या शेजारी माशांची टाकी ठेवायची टूम तेव्हा आली होती. दुकानदार मुंबईहून रंगीत मासे आणायचा, पिंजऱ्यातले पक्षी आणायचा, आणि मिळेल ते आणखी काय काय आणायचा. माणूस वाईट नव्हता, आळशी होता. मी भाजी घेऊन येताना सहज आत डोकावले. मागच्या बाजूला एका प्लॅस्टिकच्या टबात, बोटभर हिरव्या पाण्यात, एक कासव पडलेलं. तळहाताएवढं, काळपट. डोळे सुजून मिटलेले, पाठीची सालं निघालेली. शेजारी सिगारेटचं थोटूक तरंगत होतं. मी पिशवी खाली ठेवली आणि टबात हात घातला.

"वहिनी, हात नका लावू. हात लावला की घ्यावं लागतं," दुकानदार काउंटरवरून हसत म्हणाला. मग जवळ आला, त्यानंही वाकून बघितलं. "हे होय? हे असंच न्या, फुकट. दोन-चार दिवसांचं सोबती आहे. मी टाकूनच देणार होतो."

हे त्याचं बोलणं पुढं मला किती वेळा आठवलं असेल! त्या दिवशी मात्र मी "बघते" म्हणून घरी आले.

आमचे हे रबाळ्याच्या कारखान्यात फिटर आणि युनियनच्या कमिटीवर. घरातलं मीठ संपलं तरी त्यावर तत्त्वाचं काहीतरी बोलणार. मी कासवाचं सांगितलं तर म्हणाले, "फुकट काय आणि विकत काय, एकच. तू टब रिकामा केलास की तो दुसरं आणून टाकणार. तुझी दया म्हणजे त्याच्या लेखी ऑर्डर. सगळ्यांनी पाठ फिरवली की आपोआप आणायचा बंद होईल."

"आणि तोवर त्या कासवानं काय करायचं? उपोषण?"

"एक जाईल. पण पुढची दहा वाचतील."

"पुढची दहा मी बघितली नाहीत. हे बघितलंय."

ह्यांचं म्हणणं मला पटत होतं, आणि त्याचाच राग येत होता. बरं, आणून ठेवायचं तरी कुठं? आमच्या घरात सकाळचं ऊन नावालाही येत नसे, न्हाणीघरात तर दिवसाही दिवा लावायचा. कासवाला ऊन लागतं हे मला माहेरचं बघून ठाऊक होतं. आमचं कासव दुपारी कपारीतल्या दगडावर चढून पडलेलं असायचं. त्या दुकानाच्या पायरीवर मात्र सकाळी छान कोवळं ऊन यायचं. ऊन तिथं होतं म्हणून कासव तिथं राहिलं. मी मनाशी ठरवलं की भात झोडून झालं की भाऊ येईल, तो त्याला घेऊन जाईल, तोवर ह्याला जगवायचं. माहेरच्या विहिरीला कासव मिळेल, ह्याला विहीर मिळेल, आणि दुकानदाराला पैसा न दिल्यामुळं ह्यांचं तत्त्वही शाबूत राहील. काय डोकं लढवलंय, असं वाटून मी स्वतःवरच खूश झाले.

दुसऱ्या दिवसापासून माझी भाजी रोज संपायला लागली. सकाळी मार्केटात जायचं, टब पायरीवर उन्हात ओढायचा, पाणी बदलायचं. आत मी अर्धी वीट ठेवली, चढून बसायला. दुकानदाराला आधी मौज वाटली, मग सवय झाली, मग माझ्यासाठी तो बादली भरून ठेवायला लागला. खायला काय घालायचं हा प्रश्न होता. सारसोळ्याची एक मासेवाली आमच्या बिल्डिंगखाली बसायची, तिच्याकडं मी कोलंबीची टाकून दिलेली डोकी मागितली.

"कोनाला गो बाय? मांजरीला?"

"नाही, कासवाला. दुकानात आहे विकायला."

तिनं कोयता खाली ठेवला. "कासव इकाला हाय? आमचे जाल्यान आला तं आमी कुकू लावून सोरून देतो. देव हाय तो. तुमचेन देव पन इकत घेतान काय गो?" आणि अशी हसली की दाराशी उभ्या बायकाही हसायला लागल्या. पण डोकी तिनं दिली, त्या दिवशी आणि नंतरही.

पहिले काही दिवस कासवानं कशालाच तोंड लावलं नाही. मी कोमट पाण्याचा बोळा त्याच्या डोळ्यांवर फिरवायची आणि बोलत बसायची. काय बोलणार? विहिरीबद्दल बोलायची. पहिल्या पायठणीवर, पाय ठेवायच्या दगडावर, शेवाळ आहे, तिथं घसरायला होतं. उन्हाळ्यात पाणी खाली जातं पण आटत नाही. जांभळाच्या दिवसांत वरून जांभळं पडतात. बोलता बोलता मलाच तो थंड ओला वास यायचा आणि मार्केटातला सगळा कलकलाट लांब जायचा. असं माहेर मला माहेरी गेल्यावरही मिळत नव्हतं, कारण तिथं गेलं की वहिनीला मदत आणि शेजारणींच्या चौकशा ह्यांतच चार दिवस संपायचे.

मग एका सकाळी एक डोळा उघडला. दोन दिवसांनी दुसरा. दिवाळीच्या आत ते कोलंबीचं डोकं ओढून खायला लागलं, विटेवर चढायला लागलं, पाठीवर तुकतुकी आली. आणि एकदा मी टब ओढायला वाकले, बांगड्या वाजल्या, आणि त्यानं विटेमागून मान काढून वर बघितलं. मी तशीच पायरीवर बसले. आनंदानं रडू येतं म्हणतात ते खरं आहे, आणि मार्केटात पायरीवर बसून रडणाऱ्या बाईला लोक पत्ता चुकलेली समजतात हेही खरं आहे.

"माझा भाऊ येईल तेव्हा नेणार हं मी ह्याला," मी दुकानदाराला सांगितलं.

"न्या की, वहिनी. तुमचंच आहे," तो माशांना खाणं टाकता टाकता म्हणाला.

तुमचंच आहे! मी त्या शब्दावर बिनघोर राहिले. गावाकडं जाणाऱ्या एकाबरोबर भावाला निरोप धाडला की येताना झाकणाचा डबा आण, मोठा, झाकणाला भोकं पाडलेला.

भाऊ एका शनिवारी आला. तांदळाचं गाठोडं एका खांद्याला आणि हातात तो डबा. मला वाटलं रिकामा असेल. झाकण उघडलं तर आत अर्धा डबा पाणी आणि तळाला चिखल. "विहिरीतलंच घेतलं," भाऊ म्हणाला. "म्हटलं, एकदम परकं वाटायला नको त्याला." एसटीत तो डबा त्यानं पनवेलपर्यंत मांडीवर धरला होता, आणि अर्धी पँट भिजवून घेतली होती. मी वाकून त्या पाण्याचा वास घेतला. माझा हा भाऊ मला आयुष्यात कधी गोड बोललेला आठवत नाही, पण तो डबा आठवतो.

रविवारी सकाळी आम्ही तिघं निघालो. ह्यांना सुट्टी होती, आणि तत्त्व बाजूला ठेवून डबा ह्यांनीच उचलला. लांबूनच मला टब पायरीवर उन्हात ठेवलेला दिसला. मला बरं वाटलं, म्हटलं, शिकला हा. जवळ जाऊन वाकले. टबात तीन कासवं होती. तिन्ही लहान, तिन्हींचे डोळे मिटलेले. मधोमध माझी अर्धी वीट.

"वहिनी, काय हात आहे तुमचा!" दुकानदार खुशीत बाहेर आला. "काल संध्याकाळी गेलं. इथल्याच कुणाच्या तरी पोराचा वाढदिवस होता. मी फक्त किल्ल्या वाजवून दाखवल्या, त्यानं लगेच मान काढली. गिऱ्हाईकानं भावसुद्धा केला नाही."

माझ्या बांगड्यांच्या जागी ह्यानं किल्ल्या वाजवल्या, आणि ते बिचारं मी आले समजून वर आलं.

"माझंच आहे म्हणाला होतात तुम्ही."

"म्हणालो होतो," तो खरंच ओशाळला. "पण वहिनी, तेव्हा ते मरत होतं." मग टबाकडं हात करून म्हणाला, "ह्यांतलं न्या ना कुठलंही. तुमच्यासाठी निम्म्यात. तुम्ही काय, चार दिवसांत उभं कराल."

आणि आमचे हे, डबा छातीशी धरून उभे, हळूच म्हणाले, "घे. तिन्ही घे. तत्त्व गेलं खड्ड्यात." इतक्या वर्षांच्या संसारात ह्यांनी मला ह्याहून प्रेमाचं काही म्हटल्याचं मला तरी आठवत नाही.

मी टबात हात घातला. बांगड्या वाजल्या. एकानंही मान हलवली नाही, आणि कशाला हलवतील? मला ओळखायचं त्यांना काय कारण? माझ्या मनात नुसती दया असती तर मी तिन्ही उचलली असती. पण मला ही नको होती. मला माझं हवं होतं. "चला," एवढंच मी म्हटलं.

भावानं निघताना डब्यातलं पाणी त्या टबात ओतलं. एवढ्या लांबून आणलेलं, परत कुठं न्यायचं, म्हणाला. चिखल हळूहळू तळाशी बसला आणि तिन्हींतलं एक त्यात जरासं सरकलं. ती तिन्ही पुढं जगली आणि विकली गेली असं ऐकलं. जगणारच. ऊन कुठलं, वीट कुठं, डोकी कुणाकडून आणायची, सगळं मी त्याला एक पैसा न देता शिकवून ठेवलं होतं. ह्यांचं बरोबर होतं की माझं, ह्याचा निकाल आमच्या घरात कधी लागला नाही. मी भाजीला दुसऱ्या रस्त्यानं जायला लागले, एवढं झालं.

त्या वर्षी संक्रांतीला मी एकही हळदीकुंकू चुकवलं नाही. ओळखीचं असो नसो, कुणाची शेजारीण कुणाला घेऊन चालली असली तरी मी मागून निघायची. सोसायटीतल्या बायका म्हणायच्या, हिला वाण गोळा करायचा भारीच सोस. चहाच्या गाळण्या, प्लॅस्टिकच्या डब्या, माझ्या घरात ठेवायला जागा उरली नाही. कुणाच्याही घरी गेले की मी हात धुवायला म्हणून आत जायची, न्हाणीघराच्या दाराशी, गॅलरीत जिथं बादल्या असतात तिथं जरा थांबायची आणि मनगट हलवायची. मग कान देऊन उभी राहायची.

एका घरात ती घरची बाई कुंकवाचा करंडा घेऊन माझ्यामागं आत आली. "काही हरवलंय का हो?" तिनं विचारलं.

"नाही, नाही," मी म्हटलं. "बांगड्या जरा सैल झाल्यात."